पाळी

टेस्टच्या नळीत लाल उतरला.
एकवीस वर्षं डाइंगला होतो,
लाल मला कुणी शिकवू नये:
नायट्रेट चाळीसच्या पुढं.

बोअरचं चालत नाही, त्यातच असतं ते.
साखर पेठेत नळ येतो पाचव्या दिवशी.
त्यातल्या दोन बादल्यांत मीठ ढवळत बसतो,
राजव्वाचं धुणं तसंच पडून.

"समुद्र कुठं, सोलापूर कुठं," म्हणते,
आणि जोकर माशांच्या दाण्याची चिमूट
स्वतःच अर्धी करते.

काढलेलं पाणी तुळशीलाही चालायचं नाही.
मोरीत ओतायच्या आधी
तिनं बोट बुडवून चाखलं.
"अगदी तुमच्या बनियनचं पाणी."

नळी आज केशरी.
पिवळी व्हायला
अजून दोन पाळ्या.