तेहतीस मिनिटं

बाहेर जळगावचं पंचेचाळीस,
आत डिटेक्टर उणे साठावर.
मधे मी, ओढणीनं कपाळ टिपत,
आणि काचपट्टीवर एकतीस नंबर:
गालाच्या आतलं, नखाएवढंही नाही.

लेझर एका ठिपक्यावर थांबतो.
उजेड बहुतेक गेला तसाच परत येतो,
कोटीत एखादा कण तेवढा
रंग बदलून येतो,
आत कुणाशी धक्का लागला ते सांगत.
त्या एकाची वाट बघायची. एक सेकंद.
मग पुढचा ठिपका.
दोनशे गुणिले दोनशे. अकरा तास.
रात्री अडीचला लाइट जायची
आणि सकाळी माझ्याकडे अर्धाच गाल.

दोन वर्षं जागून
एकेक जागा दोनदा मोजली,
एकदा सावकाश, एकदा घाईनं.
त्या जोड्या मॉडेलला दिल्या.
आता ते घाईतल्या खरखरीतून
सावकाशीची रेघ काढतं.
अकरा तासांची तेहतीस मिनिटं.
सर पेढे घेऊन आले.

मावशी बामणोदची.
बाजारात भरताचं वांगं उचलायची,
तळहातावर क्षणभर तोलून
परत ठेवायची. "बियाच बिया."
न कापता.
मला वाटलं, आम्ही मशीनला हेच शिकवलं.

पण एकतीस नंबरच्या डाव्या कोपऱ्यात
त्यानं रेघ फार गुळगुळीत काढली.
कच्च्या मोजणीत तिथं
एक बारीक उंचवटा होता.
खरखर असेल.
किंवा आम्ही त्याला कधी दाखवलंच नाही असं काही.
जे माहीत नाही ते
धूळ समजून पुसतं ते,
नीटनेटकं पुसतं.

मावशीला फोन केला: तुझा अंदाज चुकतो का गं?
"हात थकते व माय.
म्हनून दहातलं एखांदं
चिरीसन पाहे मी."

तर आज पुन्हा सावकाश.
फक्त तो कोपरा,
चाळीस गुणिले चाळीस,
ठिपक्याला दहा सेकंद.
सर म्हणाले, पेपरला याची गरज नाही.

निदान आमच्याकडे होत नाही,
आम्ही फक्त नकाशा काढतो,
हे संमतीच्या फॉर्मवर छापलेलं आहे.
त्याखाली सहीच्या जागी अंगठा,
आणि शाईच्या कडेला
मिशरीची तपकिरी.

पहिला ठिपका.
लाइट आहे अजून.