डावं-उजवं

रविवारी सकाळी सहा वाजता
वडाळ्याला, ट्रक टर्मिनलच्या मागच्या सिमेंटवर
इम्तियाज मुकादम खडू घेऊन वाकतो.
त्याच्या सासऱ्याच्या गोदामातला
आग विझवायचा जुना पाइप
आम्ही वळणावळणाने अंथरतो.
झाला ट्रॅक.

मग झाडू.
हातभर गाडीला खडा म्हणजे डोंगर, अस्पी सांगतो,
म्हणून एक दातांचा डॉक्टर, एक लिफ्ट-मेकॅनिक,
एक गोदामवाल्याचा जावई आणि मी, बँकेतला कॅशियर,
ओणवे होऊन केर काढतो.
हे घरी अजून कोणी सांगितलेलं नाही.

गाडी मेल्विनची जुनी, आठ हजारांत, दोन हप्त्यांत.
'पहिली आपटायलाच असते,
महागडी कशाला आपटतोस?'
मोटर सगळ्यांची एकच, टायर एकच.
पैसा टाकून पुढे जायचं नाही, असं ठरलंय
(अस्पीने एकदा गुपचूप बेअरिंगं बदलली.
दोन रविवार चहा त्याच्याकडे.)

दात्यात दाते बसवताना
मधे कागदाची पट्टी सरकवायची,
चुण्या पडून अख्खी बाहेर आली तर अंतर बरोबर.
मी लाइटबिलाची कड फाडली.
चार्जिंगला लावलेली बॅटरी सोडून
उठायचं नाही. दूध उतू जातं,
ही पेटते.

वरचं कवच पारदर्शक असतं.
रंग आतून मारायचा, बारीक नक्षी आधी,
आणि नाव लिहायचं उलटं.
मी रात्री दीड वाजता, मुलीच्या ब्रशने,
वळणदार, सुलटं लिहिलं: पद्माकर.
बाहेरून बघतो तर
कुठल्या भलत्याच देशाचा नागरिक.
'राहू दे,' अस्पी म्हणाला, 'अँब्युलन्सचं असतं तसं,
पुढच्याला आरशात नीट दिसेल.'
मेल्विन म्हणाला, 'पुढच्याच्या मागे
पोचला तर ना हा.'

जाताना सोपं असतं.
गाडी पाठमोरी पळते, तिचं डावं ते आपलं डावं.
पण पलीकडच्या वळणावरून ती तोंड फिरवते,
सरळ माझ्याकडे येते,
आणि मी डावीकडे म्हणतो तेव्हा ती उजवीकडे जाते,
पाइपावर चढते, पालथी पडते,
चाकं हवेत गरगर.

तेवीस वर्षं मी काचेआड बसलोय.
समोरच्याचा उजवा हात माझ्या डावीकडून येतो
हे माझ्या बोटांना झोपेतही ठाऊक आहे.
तरी दोन महिने
मी त्याच वळणावर आपटत राहिलो.

'तू इथे उभाच राहू नकोस,' इम्तियाज वैतागून म्हणाला,
'आत जाऊन बस. आणि तिथून बघ
त्या टकल्याकडे, रिमोट धरून उभाय तो.'

मग एका सकाळी बसलो.
बघितलं त्याला, भल्या मोठ्या पायांच्या,
घामेजलेल्या माणसाला. खालचा ओठ चावत होता.
त्याच्या अगदी बुटांजवळून, हळूच,
डावीकडे वळलो.

त्या दिवशी पाच मिनिटांत अकरा फेऱ्या.
बाकीच्यांच्या एकोणीस, वीस.
टर्मिनलचा वॉचमन रामसुचित रजिस्टरच्या मागच्या पानावर
रेघा ओढतो, चार उभ्या, एक आडवी;
त्याने माझी एक जास्त ओढली होती,
मी सांगितलं, त्याने खोडली नाही.

आपली शर्यत संपली की बसायचं नाही, हा नियम.
वळणावर जाऊन उभं राहायचं,
दुसऱ्यांच्या पडलेल्या गाड्या उचलायच्या.
जी जवळ पडली ती आधी, मग ती
बेअरिंगं बदलणाऱ्याची का असेना.

अस्पीचीच पडली.
उचलली तर हातात थरथरली,
तापलेली, मांजराच्या पिल्लाएवढी,
आणि लांबून तो ओरडतोय, 'पद्या, लवकर!'
आणि मी क्षणभर उभाच,
हिचं तोंड कुठे, ते बघत.