वाटी

ग्लेनिस घर विकून बल्गेरियाला चाललीय.
तिथं म्हणे सरपण स्वस्त,
टोमॅटोला टोमॅटोची चव,
आणि पेन्शन महिन्याला पुरते.
इथं महिनाच पेन्शनीला पुरून उरतो.

मी चहा गाळत हूं हूं करते.
अकरा वर्षांपूर्वी बार्शीहून
हडर्सफील्डच्या याच चढावर आले, ती
असलाच हिशेब वहीत मांडून:
शाळा, दवाखाना, नळाला चोवीस तास पाणी.
टोमॅटो धरलेच नव्हते.

तिनं शिडी दिली, जिरेनियमच्या कुंड्या दिल्या,
कुठल्या मंगळवारी कुठला कचराडबा, तो कागदही.
मग दारातच अडखळली,
"परक्या गावात आधी काय करायचं?"
एकाहत्तर वर्षांची बाई,
या गल्लीबाहेर कधी राहिली नाही.

म्हटलं, शेजारी काहीतरी मागायला जा,
लागत नसलं तरी.
आणि भांडं लगेच परत करू नको.

तिच्या उघड्या खोक्यात
वर्तमानपत्रात अर्धवट गुंडाळलेली,
सासूबाईंचं नाव कोरलेली
आमची स्टीलची वाटी.
मी न बघितल्यासारखं केलं.

रात्री हीटिंग एका अंशानं उतरवलं.
जुन्या वहीत लिहिलं, टोमॅटो.
पुढे आकडा सुचेना.