ओव्याचा दाणा

साहेबांचं आडनाव पागेदार.
पूर्वजांनी गायकवाडांचे घोडे सांभाळले,
आणि यांना सयाजीबागेतल्या छोट्या आगगाडीतही मळमळायचं.
अशा माणसानं चौऱ्याहत्तर साली मकरपुऱ्यात शेड घेतली
आणि जमिनीवरून न हलता
विमान चालवायला शिकवणारं यंत्र बांधायला काढलं.

पहिल्या यंत्राचे भाते
दांडिया बाजारातल्या पेटीवाल्या भिकुभाईंनी शिवले.
‘सूर नको, नुसता श्वास द्या,’ साहेबांनी बजावलं होतं.
तरी डावीकडे झुकताना ते बारीक ‘सा’ धरायचंच.
बघायला आलेल्या अधिकाऱ्यानं चहा घेतला,
विचारलं, ‘गातं का हे?’
आणि ऑर्डर दिली नाही.

मग दोन वर्षं रिक्षाचे मीटर दुरुस्त केले.
उत्तरायणाच्या आधी पतंगाच्या फिरक्यासुद्धा.

मी आले सत्त्याहत्तरात.
‘हात न थरथरणाऱ्या मुली पाहिजेत’
अशी जाहिरात होती.
मला भिंत दिली. भिंतभर उभं शहर,
दोन हजारात एक या मापाचं,
त्याच्यावरून कॅमेरा सरकणार
आणि आत बसलेल्याला वाटणार, आपण उडतोय.

झाडांना हिरव्या शाईतला भुसा.
सुरसागराला पावडरच्या डबीतला आरसा.
विश्वामित्री लाखेची, तिची वळणं जमेनात,
तीनदा खरवडली.
‘आणि मगरी?’ मी विचारलं.
साहेबांनी खरंच हिशेब केला, पाकिटाच्या पाठीवर.
‘या मापाला मगर म्हणजे ओव्याचा दाणा, मोहितेबाई.’

दुसऱ्या दिवशी डब्यातून एक दाणा नेला.
काळ्या घोड्याच्या पुलाखाली चिकटवला.
कुणाला सांगितलं नाही.

शिकाऊ पोरं धडाधड कोसळायची,
बहुतेक कारेलीबागेवर.
कॅमेऱ्याचं नाक घरांत घुसायचं,
पोरं घामाघूम होऊन बाहेर यायची, पाणी प्यायची,
आणि मी डिंक घेऊन
संध्याकाळपर्यंत कारेलीबाग पुन्हा उभी करायची.
‘मेलं कोणी नाही,’ साहेब म्हणायचे, ‘हाच आपला नफा.’
ताळेबंदात तो कधी दिसला नाही.

ब्याण्णवात संगणक जमीन काढू लागला.
भिंत करवतीनं कापली.
नदीचं वळण मी घरी आणलं, पाटाएवढं,
रिक्षात मांडीवर धरून.
साहेब पुढे चार वर्षांनी गेले.
विमानात एकदाही न बसता.

परवा मुलीनं दिल्लीचं तिकीट पाठवलं, खिडकीचं.
हरणीहून उठताना पोट ढवळलं,
वाटलं, साहेब शेजारीच आहेत.
कारेलीबाग कुठच्या कुठे पसरली होती,
माझ्या कुठल्याच भिंतीवर मावली नसती.
पण वळण तेच. अगदी तेच.
कपाळ काचेला टेकवून बघत राहिले
तेव्हा शेजारचा तरुण म्हणाला,
‘आजी, काही पडलं का?’
‘मगर,’ मी म्हटलं.

तो हसला नाही.
पट्टा सैल करून
तोही वाकून शोधू लागला.