दांडी

शाहीन, तुझ्या होस्टेलचं वायफाय
रात्री अकराला बंद करतात म्हणून
तू चिडून लिहिलंस, ते मला
दुसऱ्या दिवशी दुपारी साडेचारला मिळालं,
सड्यावर,
कातळात कोरलेल्या हत्तीच्या सोंडेपाशी.

ही जागा जानूने दाखवली.
जानू वरक, वय तेरा, शेरडं अकरा.
टॉवर खाडीपलीकडे, जैतापूरला.
वारा तिकडून असला की एक दांडी येते,
कधी दोन.
मी हात वर करून उभी राहते,
उत्तर येत असलेल्या मुलीसारखी.

तुमच्याकडे पाठ टाचण म्हणे एकच,
चाळीस जणींचं,
उतरवून घेतलेलं, वर नाव तेवढं वेगळं.
माझंही तेच आहे, हसू नको.
फक्त माझं सतराव्या पानाशी अडकलं,
पुढे मनचं लिहिलं:
फळ्यावर बांगडा काढणे.
मुलांना काटे मोजायला सांगणे.
मूल्यमापन राहिलंच.

मे महिन्यात संपर्क सत्राला रत्नागिरीत आले,
तुझ्या खाटेवर झोपले,
तेव्हा फुकटच्या नेटवर काय पाहिलं, सांगू?
बालमानसशास्त्र नाही.
अकरापर्यंत एक बाई केकवर गुलाब काढत होती.
एकोणीस गुलाब. विसावा अर्धा राहिला.
खरं सांगते, फार बरं वाटलं.

आज दुपारी तास होता.
जानूने मोबाईल काठीला बांधून वर धरला,
मी खाली, मान उंच करून.
सर बोलायचे, मग गोल फिरायचं,
सरांचं तोंड उघडं, खडू हवेत.
मध्येच स्वच्छ आवाज आला,
"गळती आणि स्थगिती.
गळतीची कारणे कोणती?"
पुन्हा गोल.

जानू म्हणाला, "आमच्या खोपीत पण हाय, बाई.
चुलीच्या वर. बा कागद घालतो."

मी सांगणार होते त्याला
गळती म्हणजे काय ते.
सहावीच्या हजेरीपटात त्याच्या दांड्या मोजून
लाल शाईने आडवी रेघ
मीच मारली होती, पट्टी लावून, सरळ.

शेरडं हत्तीच्या पाठीवर चढली होती.
"काठी जरा डावीकडे घे," म्हटलं. एवढंच.
त्याने घेतली.
दोन दांड्या आल्या.

स्वाध्याय अठ्ठावीसला द्यायचा आहे, शाहीन.
कारणं पाच लिहायची आहेत.
तुझ्याकडे असली तर पाठव,
अकराच्या आत.