मापाची वही

गंगाखेडला बसस्टँडमागच्या बोळीत
जुलेखा खालाचं दुकान.
दुकान म्हणजे ओटा, वर पत्रा,
एक पायानं चालवायची मशीन
आणि एक मोटरची, लाइट असली तर चालणारी.

मी तिच्यापुढे डोक्याला बांधायचा डबा ठेवला,
कंपनीनं आठ दिवसांसाठी दिलेला.
खाला, जरा घालून बघ,
मी केलेलं पान चालतं का बघायचंय.
बसल्या जागी खरोशाची लेणी दिसतील.

तिनं चष्मा डबीत ठेवला,
दोऱ्याचं टोक दातात तसंच,
डबा चढवला आणि थांबली.
'काहीतरी विचारायलंय हे.'

ते वाक्य मला पाठ होतं.
डोक्याची हालचाल, हातांची जागा, खोलीचा आकार,
या साइटला कळू द्यायचं का?
खाली बटणं.

'कोण विचारायलंय?'
ब्राउझर.
'तो कोण?'
दारातला माणूस. साइटला आत यायचंय,
तो आधी तुला विचारतो.
'अन् साइट कोणत्या गावची?'

मी हसले.
पण गाव खरंच लिहिलेलं असतं तिथं,
आणि ज्या गावाला कुलूप नाही
त्याच्यासाठी तो विचारतसुद्धा नाही, परस्पर वाटेला लावतो.
हे तिला सांगायचं राहिलं, कारण ती बोलायला लागली होती.

'मान किती वळली, हात किती लांब,
जमिनीपासून डोळा किती उंच...
अगं, म्हणजे माप घ्यायलंय की माझं.'

सहा महिन्यांत मला हा शब्द सुचला नव्हता.
मी डेटा म्हणत होते.

'कुणाच्या वहीत जाणार?'

तिची वही लाल पुठ्ठ्याची, मशीनच्या खणात.
चाळीस वर्षांची मापं.
कुणाचा डावा खांदा पाऊण इंच उतरलेला.
शाळेतल्या बाईंचं ऑपरेशननंतरचं माप,
एका बाजूला कापूस भरून शिवायचं.
कदमांच्या थोरलीची कंबर वाढलेली,
घरात कळायच्या आधी टेपला कळलेली,
आणि दोन महिन्यांनी
तोच जुना आकडा पुन्हा.
त्या पानावर खाडाखोड नाही.

एकदा मानवतकडचं स्थळ आलं होतं कुणाला,
मुलाचा मामा ओट्यावर येऊन म्हणाला,
पोरीची उंची खरी किती, तुमच्याकडं असंलच लिहिलेली.
खालानं त्याला चहा पाजला.
तो जाईस्तोवर वहीवर बसून राहिली.

'बटण सांग.'
उजवं हो, डावं नाही.
'आजच्यापुरतंच?'
तसंही आहे, मधलं. डबा काढला की संपलं.
असं लिहिलंय तरी.
'लिहिलंय तरी,' ती म्हणाली,
आणि बोट हवेत बराच वेळ धरून
मधलं दाबलं.

ती लेण्यात शिरली. छत बघायला मान वर केली.
इकडे माझ्या लॅपटॉपवर आकडे उतरत होते.
उजवीकडे साठ अंश.
डावीकडे अठरा.
पुन्हा डावीकडे, अठरा.
मूर्ती डावीकडेच होती. ती अठरावरनं परत फिरली
आणि काही बोलली नाही.

रोज तिच्या ओट्यावर चहा पिते मी.
मान दुखते का, कधी विचारलं नाही.
ते आकडे साठवून ठेवणारी ओळ मीच लिहिली होती,
पुढं कामाला येतील म्हणून.
ती खोडली. जमलेलं पुसलं.
पानाला मूर्ती दाखवायला मान कळावी लागते,
लक्षात ठेवावी लागत नाही.

'चांगलंय,' डबा काढत खाला म्हणाली.
'पण वटवाघळाचा वास नाही. खरोशात नाक दाबून फिरले होते मी.'
मग चष्मा, मग दातातला दोरा,
मग माझ्याकडे बघत,
'दंडात ढिला बसायलाय तुझा ब्लाउज. उभी राहा.'

मी तिच्या डाव्या हाताला होते, नेहमीसारखी.
ती स्टुलासकट वळली.
टेप गळ्यातून काढून
माझ्या दंडापाशी आणून, अजून न टेकवता,
'घेऊ?'