जास्तीचं नाव

कंपालाच्या रेडिओनं सांगितलं, सोमवारी शाळा.
फोर्ट पोर्टलच्या पुढे, चहाच्या मळ्याला वळसा घालून
मी फाटकापर्यंत आले,
आणि तिथून पाय उचलेनात.

जवळजवळ दोन वर्षं मी बाजारात शेंगदाणे विकले
सातवीच्या जुन्या वह्यांच्या पुड्यांत.
गिऱ्हाइकांत पालक असत.
घासाघीस करतानाही ते मला बाईच म्हणत,
ते सगळ्यात वाईट.

फाटकावर तोच म्हातारा पहारेकरी.
तापाचं पिस्तूल त्यानं माझ्या कपाळाशी धरलं
आणि आकडा न बघताच विचारलं,
"एम्पाको?"

आमच्या तोरोत माणसाला एक जास्तीचं नाव असतं.
पगारपत्रकात नसतं ते.
सगळी मिळून डझनभर नावं, तीच साऱ्या मुलखानं
थंडीतल्या एका घोंगडीसारखी ओढूनताणून पुरवलेली.
भेटलं की आधी ते विचारायचं,
मग बरं आहे का, मग बाकीचं.
त्याला माझं पाठ होतं. अकरा वर्षं रोज घेत होता.
तरी विचारलं.

"अब्वोली."
आवाज मास्कमध्येच राहिला.
"मोठ्यानं."
"अब्वोली!"
"हां. जा आत. ताप नाही तुला."

स्टाफरूममध्ये वटवाघळांचा वास.
बिरुंगी बाई खिडकी उघडायला गेल्या, तर चौकट हातात आली,
वाळवीनं आतून खाल्लेली.
त्या हसल्या, म्हणून आम्ही हसलो.
मग कुणाचं लक्ष कसाइजा सरांच्या खुर्चीकडे गेलं
आणि हसणं तिथंच खाली बसलं.
सहा जण, पाच खुर्च्या, आणि ती एक.
काहवा सैपाकघरातून आली, इकडेतिकडे बघितलं,
आणि किटली सरळ त्या खुर्चीवर ठेवली.
"त्यांना गार चहा चालत नसे," म्हणाली.
आम्ही उभ्यानंच प्यालो.

वर्गात एक्काहत्तर नावं, त्रेचाळीस मुलं.
बाह्या कोपरापर्यंत आलेल्या, आवाज फुटलेले.
कुनिहिरा बाहेर चिंचोळ्या सावलीत उभी, पाठीवर बाळ,
आत येऊ का हेही न विचारता.
मी काही म्हणण्याआधी बिरुंगी बाईंनी बाळ उचललं,
ऑफिसात नेलं, दार लोटून घेतलं.
नंतर कळलं, हजेरीच्या वह्यांवर निजवलं होतं.

मी खडू घेतला. तारीख लिहिली.
पुढे काय लिहायचं ते गेलं.
नुसतं गेलं,
जसं दाण्यांचं माप भरताना मोजणी हुकते
आणि पुन्हा एकपासून सुरू करावं लागतं,
पण इथं एकच सापडेना.
त्रेचाळीस जोड डोळे. मास्कवर डोळेच असतात फक्त.

आमच्या वर्गांमधली भिंत छपरापर्यंत पोचत नाही.
पलीकडे रवाहेरू सर अपूर्णांक शिकवत होते,
दोन वर्षं मोटरसायकलवर माणसं वाहून
एका कानानं बहिरे झालेले.
त्यांना ऐकू आलं ते माझं गप्प होणं.
त्यांनी आवाज चढवला.
"दोन्ही वर्गांनी लिहा! एक भाकरी, आठ माणसं..."
माझी मुलं लिहू लागली. मीही फळ्यावर लिहिलं,
त्यांच्या मागून, त्यांच्या चालीनं,
आठव्या माणसापाशी माझी मला सापडले.
भिंतीवर दोनदा टकटक केलं.
ते लगेच हळू बोलू लागले.

यावर आम्ही नंतर कधी बोललो नाही.
गुरुवारी त्यांचा वर्ग गप्प झाला,
तेव्हा मी नद्यांची नावं ओरडून घेतली. असो.

संध्याकाळी फाटकाशी मी म्हाताऱ्याला विचारलं,
घंटेला गंज कसा नाही?
रोज वाजवायचो, म्हणाला. सकाळी आणि चारला.
कुणासाठी?
खांदे उडवले. "तिला सवय राहावी."

मग सुचलं. एवढे महिने इथं एकटा,
याला कुणी विचारलं असेल?
"एम्पाको?" मी म्हणाले.
त्यानं मास्क हनुवटीखाली ओढला,
नियम मला पाठ होता, तरी मी गप्प राहिले.
"अराली," तो म्हणाला.
आणि जरा थांबून, कुणीतरी पुन्हा विचारल्यासारखं,
"अराली."